तीन गाड्यांची एक जावा : पासिंग कायदेशीर मार्गानं होईल का?

माळावरचा_मिस्त्री

नमस्कार मंडळी. इचलकरंजीकडचा आहे. गॅरेज हा माझा धंदा नाही, नाद आहे.

थोरल्या चुलत्यांची १९६९ ची जावा २५० मोटारसायकल गोठ्यामागं पडून होती. फ्रेम, टाकी, मागचं चाक आणि आरसी बुक एवढंच शाबूत. इंजिन कधीचंच गायब झालेलं (नेणारा घरचाच असावा, म्हणून कुणी विषय काढत नाही). आता गाडी उभी राहिली आहे ती अशी : फ्रेम जावाची. इंजिन येझदी २५० चं, पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं, पावती म्हणून वहीच्या पानावर दोन ओळी. पुढचा शॉकअप आणि चाक आणखी तिसऱ्याच गाडीचं, तीही येझदीच. सायलेन्सर आणि वायरिंग नवं, सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलं. बोअर आणि क्रँकचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलं. पहिल्या किकला चालू होते.

चुलते वारले. आरसीचं शेवटचं नूतनीकरण २००९ चं, म्हणजे २०१४ ला मुदत संपली. बुकावर इंजिन नंबर अर्थातच जुना.

ही नवी गाडी म्हणून नोंदवायची, की जुनीच परत चालू करायची? गावातला एजंट म्हणतो, "द्या माझ्याकडं, बुकातला नंबर इंजिनवर मारून देतो." ते मला करायचं नाही. सरळ मार्ग कुणाला माहीत असेल तर सांगा.

भंगारशेठ

उगाच डोकं लावताय. या राज्यातल्या निम्म्या जुन्या दुचाकींवर नंबर मारलेलेच आहेत. कोण बघतंय?

घाटवळण

शेठ, बघतात. गेल्या वर्षी एचएसआरपी म्हणजे नवी सुरक्षित नंबरपाटी बुक करताना चासी (म्हणजे फ्रेम) आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे मागत होते, तेव्हा आमच्या गल्लीत किती जणांची तोंडं उतरली ते पाहिलंय मी. दुचाकीच्या पाटीचे ४५० अधिक जीएसटी, हा खर्च कुणाला जड नव्हता. जड होते ते पाच आकडे.

मिस्त्री, आधी तीन गोष्टी सांगा. फ्रेमवरचा नंबर वाचता येतो का? तो बुकातल्या नंबराशी जुळतो का? आणि बुक मूळ आहे की झेरॉक्स?

माळावरचा_मिस्त्री

वाचता येतो. गंज घासून घेतला, सगळे आकडे स्पष्ट आहेत आणि बुकाशी जुळतात. बुक मूळ आहे, कापडी पुठ्ठ्याचं. नंबर जुना, तीन अक्षरांचा.

घाटवळण

मग तुमची गाडी जिवंत आहे. इंजिनाचं बघू.

निवृत्त_निरीक्षक

मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी झाली, आता पेन्शनीत आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सारखा येतो.

'नवी म्हणून नोंदणी' हा विचार पहिल्यांदा सोडा. नव्या गाडीच्या नमुना २० च्या अर्जासोबत नमुना २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि नमुना २२ म्हणजे निर्मात्याचा रस्तायोग्यतेचा दाखला लागतो. नमुना २२ वर सही कोण करणार? ज्या निर्मात्याच्या मॉडेलची केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी झाली आहे तो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट वगैरे. त्या चाचण्या कारखान्यातून हजारोंनी निघणाऱ्या मॉडेलसाठी आहेत. घरी जुळवलेल्या एका नगासाठी तिथं जाण्याचा रुळलेला मार्ग आपल्याकडं नाही. आणि आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तेव्हा त्यांच्याकडूनही कागद येणार नाही.

तुमच्याकडं मूळ फ्रेम आहे, तिचं मूळ बुक आहे. कार्यालयाच्या नजरेत गाडी म्हणजे चासी नंबर. बाकी भाग त्या नंबराला बसवलेले. शॉकअप, चाक, सायलेन्सर, वायरिंग हे सुटे भाग आहेत. त्याच कंपनीचे, त्याच जातीचे असतील आणि गाडीची लांबी-रुंदी, बैठक, चाकांमधलं अंतर बदलत नसेल तर कुणी तुम्हाला त्याबद्दल अर्ज करायला लावणार नाही. इंजिनाचं तसं नाही. इंजिनाला स्वतःचा नंबर आहे आणि तो बुकात लिहिलेला आहे.

वकीलबाई

निरीक्षकसाहेबांच्या म्हणण्याला कायद्याची बाजू जोडते.

मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२. नोंदणीत निर्मात्याने दिलेले जे मूळ तपशील आहेत, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 'बदल' म्हणजे काय तेही कलमातच आहे : गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्यामुळे तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका अपिलावर सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडक अर्थानं वाचलं. त्यानंतर "राज्याच्या नियमात चालतं" ही पळवाट राहिली नाही. रंग बदलणं या अर्थानं रचनेतला बदल नाही, पण बुकात नोंद करून घ्यावी, नाहीतर नाक्यावर वाद होतो.

इंजिन बदलायचं तर त्याच निर्मात्याचं, त्याच प्रकारचं आणि नोंदणी प्राधिकाऱ्याच्या परवानगीनं. परवानगीशिवाय आधीच बदललं असेल तर १४ दिवसांत कळवून बुक सादर करायचं, असंही कलमात आहे.

दंड ऐकून ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. मालकानं परवानगीबाहेर बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

आणि भंगारशेठ, नंबर ठोकणं हा वेगळाच गुन्हा आहे. इंजिन चोरीचं निघालं तर ज्याच्या अंगणात गाडी उभी आहे त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ ची उत्तरं द्यावी लागतात. माहीत असून चोरीचा माल घेणं असा तो आरोप असतो, आणि ठोकलेला नंबर पाहिल्यावर "मला माहीत नव्हतं" हे कोण ऐकणार?

भंगारशेठ

बाई, मी सल्ला नव्हे, वस्तुस्थिती सांगितली.

रोडकिंग_७८

येझदीवाल्यांतर्फे एक तांत्रिक मुद्दा. जावा २५० आणि सुरुवातीच्या येझदी २५० चं इंजिन एकाच घराण्यातलं. कारखाना तोच, एक सिलेंडर, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर, किकची दांडीच खाली वळवून गिअरची दांडी करायची ती प्रसिद्ध करामतही तीच. 'त्याच निर्मात्याचं, त्याच प्रकारचं' यात हे बसायला हवं. येझदीच्याच रोडकिंग मॉडेलचं इंजिन लावलं असतंत तर मात्र वाद झाला असता. मिस्त्री, कुठलं आहे?

माळावरचा_मिस्त्री

जुन्या धाटणीचं. रोडकिंगचं नाही.

निवृत्त_निरीक्षक

चांगलं आहे. तरी हा निर्णय अधिकाऱ्याचा. तुम्ही अर्जात "मूळ इंजिन उपलब्ध नाही, त्याच निर्मात्याचं त्याच क्षमतेचं इंजिन बसवत आहे" असं साध्या भाषेत लिहा. दोन्ही इंजिनांच्या माहितीपुस्तिकेची पानं जोडा. जुन्या गाड्यांत अधिकाऱ्यालाही ठाऊक नसतं की जावा आणि येझदी ही एकाच कारखान्याची भावंडं आहेत. तरुण अधिकाऱ्याला समजावून सांगा, त्याच्याशी भांडू नका.

शिकाऊ_अभियंता

विषय थोडा बाजूचा. आम्ही कॉलेजात बाहा स्पर्धेसाठी अख्खी गाडी पाइप वाकवून बनवतो. तिचं पासिंग होत नाही?

निवृत्त_निरीक्षक

नाही, आणि गरजही नाही. ती ट्रकवर चढवून ट्रॅकवर न्यायची. कॉलेजच्या फाटकाबाहेर स्वतःच्या चाकांवर आली की ती बिननोंदणी गाडी. कलम १९२ खाली पहिल्या वेळी किमान २,००० ते ५,००० दंड.

बांधावरची_वैशाली

आमच्याकडे जुन्या जीपचा सांगाडा, डिझेल पंपाचं इंजिन आणि ट्रॉली असं एक यंत्र आहे. ऊस आणि चारा ओढतं. शेतातल्या शेतात चालवलं तर नोंदणी लागते का?

वकीलबाई

व्याख्या कलम २(२८) मध्ये आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेलं खास वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. तसंच चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं. पण उघडं शिवार 'बंदिस्त आवार' ठरेल का, यावर भांडायला वकील लागेल, आणि मधे पाणंद रस्ता ओलांडलात तर प्रश्नच मिटला. तो सार्वजनिक रस्ता. उत्तरेतल्या 'जुगाड' गाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं आहे की ती मोटार वाहनंच आहेत, कायदा त्यांना पूर्ण लागू.

घाटवळण

आपल्याकडचं उदाहरण देवराष्ट्र्याचं. सांगली जिल्ह्यातल्या दत्तात्रय लोहारांनी जुन्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी केली. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, आणि त्याच दमात लिहिलं की नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या ही गाडी अडवली जाईल. तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबानं ती घेतली. एवढं कौतुक होऊनही 'नोंदणी करून देतो' असं कुणी म्हणालं नाही. कारण तसं खातंच नाही.

बांधावरची_वैशाली

बोलेरो कुणी देणार असेल तर आमचंही यंत्र तयार आहे.

लेस्टरवासी

इथे ब्रिटनमध्ये तसं खातं आहे, म्हणून लिहितो. घरी जुळवलेल्या एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते, ती पास झाली की नोंदणी मिळते. मूळ ओळख सिद्ध झाली नाही तर 'क्यू'पासून सुरू होणारा नंबर मिळतो. रस्त्यावर तो नंबर दिसला की समजायचं, ही गाडी कुठून कुठून गोळा केलेली.

मूळ नंबर टिकवायचा तर वर्षानुवर्षं गुणांची पद्धत होती. चासीला ५, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनाला फक्त १. एकूण ८ हवेत आणि त्यात चासीचे ५ असलेच पाहिजेत. पुन्हा जुळवलेल्या मोटारसायकलीला मूळ फ्रेम आणि फोर्क, चाकं, इंजिन, गिअरबॉक्स यांतले दोन भाग मूळचे. ऑगस्ट २०२५ पासून इथलं धोरण बरंच सैल झालं. जसा भाग काढला तसाच घातला तर ते कळवायचीही गरज उरली नाही.

गंमत अशी की इंजिनाला सगळ्यात कमी गुण, आणि आपल्याकडे मिस्त्रींचं सगळं घोडं इंजिनापाशीच अडलंय.

रोडकिंग_७८

आपल्याकडे अशी गुणपद्धत यावी असं फार वाटतं. हरियाणातल्या मंडी डबवालीत जुळवलेल्या जीपा, गावोगावच्या गोळा केलेल्या बुलेट, हे सगळं चालूच आहे. तपासणीच्या कक्षेत आणलं तर निदान ब्रेक तरी बघितले जातील.

निवृत्त_निरीक्षक

तुमच्या मताशी अर्धा सहमत. तपासणीची व्यवस्था हवी, हे खरं. पण निम्म्या ठिकाणी निरीक्षकाकडं वेळ किती असतो, हे मी आतून पाहिलं आहे. गाडी एक फेरी मारते आणि शिक्का पडतो. वेल्डिंग केलेली फ्रेम डोळ्यानं तपासणं हे सोपं काम नाही. मिस्त्री, तुमच्या फ्रेमवर कुठं वेल्डिंग केलंय का? विशेषतः मानेपाशी, जिथं नंबर आहे?

माळावरचा_मिस्त्री

नाही. स्टँडच्या कानाला एक टाका आहे, तेवढाच.

पेठेतला_जोशी

गाडी ५० वर्षांपुढची आहे. २०२१ च्या विंटेज नियमात का टाकत नाही? रुबाब वेगळाच.

वकीलबाई

जोशीबुवा, त्या नियमात पहिलीच अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मिस्त्रींच्या गाडीचं इंजिनच दुसरं आहे. शुल्क पहिल्या नोंदणीला २०,००० आणि दहा वर्षांनी पुन्हा ५,०००. शिवाय विंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन एवढ्यासाठीच. आधीच नोंदणी असलेल्यांना जुना नंबर ठेवता येतो, बाकीच्यांना 'व्हीए' अक्षरांची मालिका. हे सगळं संग्राहकांसाठी आहे. बाजारला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

पेठेतला_जोशी

२०,०००! तेवढ्यात अजून एक येझदी येईल.

भंगारशेठ

आता येत नाही. ते दिवस गेले. आमच्याकडे नुसती टाकी घ्यायला मुंबईहून माणसं येतात.

माळावरचा_मिस्त्री

बरं, मग क्रम कसा लावू? नाव चुलत्यांचं, मुदत संपलेली, इंजिन वेगळं. तिन्ही एकदम होईल का?

निवृत्त_निरीक्षक

एकदम घेऊन गेलात तर तीन टेबलं एकमेकांकडं बोट दाखवतील. माझ्या अनुभवानं असं करा.

सगळ्यात आधी बुक 'वाहन' या परिवहन खात्याच्या संगणक प्रणालीत आहे का ते बघा. जुन्या हाती लिहिलेल्या बुकांची नोंद बऱ्याचदा संगणकात नसते. ती बॅकलॉग म्हणून चढवावी लागते, आणि ते चढल्याशिवाय ऑनलाइन कुठलाच अर्ज पुढं सरकत नाही. कार्यालयातलं जुनं रजिस्टर आणि तुमचं बुक जुळवून ते करतात. इथंच सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि पोर्टलवर हे कुठं नीट लिहिलेलं नाही.

मग वारसा. नमुना ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची ना-हरकत. केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ मध्ये मालक वारल्यावर ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असं आहे, ते तुमच्याकडनं केव्हाच हुकलं. दंड भरून होतं. चुलतभावांच्या सह्या आत्ताच घ्या. गाडी चमकायला लागली की सह्या मिळत नाहीत.

मग इंजिन. त्यावर खाली वेगळं लिहितो.

नूतनीकरण शेवटी, नमुना २५ वर, कारण त्या वेळी निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघणार, पेन्सिलनं चासीचा ठसा घेणार, आणि तोवर बुकातला इंजिन नंबर आणि गाडीवरचा नंबर एक झालेला हवा. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला १,००० होते, ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,०००. उशिराचा आकार दुचाकीला महिन्याला ३००, तुमच्या बाबतीत तो किती महिन्यांचा लावतात ते काउंटरवरच विचारा. पर्यावरण कर वेगळा. पीयूसी आणि विमा लागेलच.

आता इंजिन. वहीच्या पानावरच्या दोन ओळींना काही किंमत नाही. ज्या येझदीतून ते निघालं तिचा नंबर आणि मालक शोधा. विकणाऱ्याकडं चौकशी करा, तो टाळाटाळ करेल, तरी करा. दरम्यान राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' सेवा आहे, तिथं इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते बघता येतं. त्याची प्रत अर्जाला जोडा. नाव निघालंच नाही तर हे इंजिन सोडून द्या, कितीही छान चालत असलं तरी. कागदासकट मिळणारं इंजिन शोधा.

घाटवळण

विम्याचं आणखी एक. नोंदणी नसताना गाडी चालवली आणि नुकसान झालं तर भरपाई नाकारता येते, असा २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. 'ट्रायल मारून बघतो' म्हणून हायवेला जाऊ नका.

लेस्टरवासी

मिस्त्री, सहाचं बारा व्होल्ट केल्याचं कळवावं लागेल का?

निवृत्त_निरीक्षक

बुकात व्होल्ट लिहिलेले नसतात. दिवा लागतो की नाही एवढंच बघतात. उलट नीट लागणारा दिवा पाहून निरीक्षक खूश होईल. सहा व्होल्टवाल्या गाड्यांचा हेडलाइट म्हणजे समोरच्याला आपण आहोत एवढं कळायचं, आपल्याला रस्ता दिसायचा नाही.

माळावरचा_मिस्त्री

बातमी आहे. जुन्या बाजारातल्या माणसानं बराच आग्रह केल्यावर एक नाव दिलं. जयसिंगपूरकडचे गृहस्थ आहेत, फोनवर बोललो. येझदी त्यांचीच. फ्रेम कुजली म्हणून भंगारात दिली, इंजिन वेगळं विकलं. बुक त्यांच्याकडं अजून आहे, आणि त्यातला इंजिन नंबर माझ्याकडच्या इंजिनाशी जुळतो. लिहून द्यायला तयार आहेत. त्यांना फक्त एवढीच काळजी की यात आपण अडकणार नाही ना.

वकीलबाई

उत्तम. त्यांच्या फायद्याचंच आहे, असं त्यांना सांगा. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत कळवून बुक जमा करायचं, हे कलम ५५ मध्ये आहे. ते झालेलं नाही, म्हणजे कागदोपत्री ती येझदी आजही त्यांच्या नावावर धावते आहे. ती कुजलेली फ्रेम भंगारातून उठून कुणाच्या हाती गेली, तर पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच दारात येतील.

त्यांच्याकडून इंजिन विक्रीचं पत्र घ्या, त्यात चासी नंबर, इंजिन नंबर, दोघांची ओळख आणि तारीख असू द्या. बुकाची दोन्ही बाजूंची प्रत, त्यावर त्यांची सही. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज त्यांनी त्यांच्या कार्यालयात करायचा, त्याची पोच तुमच्या अर्जाला.

माळावरचा_मिस्त्री

आणि माझं इंजिन तर आधीच बसवलेलं आहे. १४ दिवस केव्हाच गेले.

निवृत्त_निरीक्षक

गाडी रस्त्यावर आली नाही ना? मग इंजिन उतरवा. चार बोल्ट, तुम्हाला अर्ध्या तासाचं काम. 'बसवण्याची परवानगी द्यावी' असा अर्ज करा, परवानगीचा कागद हातात आला की चढवा आणि टेम्पोत घालून तपासणीला न्या. चालवत नेऊ नका, फाटकापाशीच कुणीतरी उभा असतो. नंबर साफ करून ठेवा, त्यावर रंगाचा हात मारू नका. ताजा रंग दिसला की निरीक्षक तिथंच खरवडतो, मीही खरवडायचो.

रोडकिंग_७८

परवानगी मिळाली की कळवा. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात, तेव्हा कोल्हापूरकडून बरीच मंडळी येतात.

माळावरचा_मिस्त्री

बॅकलॉगच अडकला नाही तर येतो. उद्या चुलतभावांकडं जातोय सह्यांना. गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे, त्यांना दाखवणार नाही.